नववीची तहकूब सभा

गावाबाहेरच्या आमच्या टोलीवरून हायस्कुलात जायचं तर मधे नहर. त्याच्यावर पूल म्हणून विजेचा जुना सिमेंटचा खांब आडवा टाकलेला. मागच्या पावसाळ्यात आमची रचना त्यावरून घसरली. पोरगी वर आली, दप्तर मात्र पुढच्या गावाला गेलं. तेव्हाच तिच्या बाबांनी सांगून टाकलं, "पुढच्या पावसाळ्याच्या आधी पुलिया झाली तर दहावी. नाहीतर नाव काढतो." माणूस वाईट नाही. त्यांना पोहता येत नाही, एवढंच.

पुलिया दर वर्षी ग्रामसभेच्या विषयांत असायची आणि दर वर्षी 'पुढच्या वेळी' व्हायची. गावची रीतच तशी. सभेची दवंडी झाली की माणसं पंचायतीत जात नसत, समोरच्या पानठेल्यावर जमत. कोरमपुरती माणसं नाहीत म्हणून सरपंच सभा तहकूब करत आणि स्वतःही पानठेल्यावर येत. तासाभरानं तीच सभा पुन्हा भरे. तहकूब सभेला कोरम लागत नाही, त्यामुळे दहाबारा जण आत जाऊन सारं उरकून टाकत. आम्हा बायकांना वाटायचं, तहकूब झाली म्हणजे संपली.

खेमराज सर नववीला नागरिकशास्त्र शिकवत. त्यांनी जानेवारीत वर्गातच ग्रामसभा भरवली आणि पालकांना बोलावलं. पालक म्हणजे मी नि शेजारची जमुनाबाई. सरपंच झाला हिमांशु, खऱ्या सरपंचांचा, दुधरामभाऊंचा पोरगा. उपसरपंच रचना. विषय दोन: नहरावरची पुलिया, आणि वर्ग झाडायची पाळी, जी आजवर मुलींचीच होती. कोरम निम्म्या वर्गाचा. मुली त्याहून कमी.

घंटा झाली. मुली येऊन बसल्या. मुलगा एकही नाही. सरांनी खिडकीतून पाहिलं तर सगळे बोरिंगजवळ, खिशात हात घालून उभे.

"काऊन रे, आत या ना!"

"आत्ता नाही सर. पहिल्या सभेले कोण जाते?" एक जण सरांची कीव आल्यासारखा म्हणाला.

हिमांशु तेवढा आत आला. खुर्चीवर बसला, बापासारखीच रुमालानं मान पुसली, बाकांवर नजर फिरवली. "कोरम नाही. सभा तहकूब. दहा मिनिटानं इथंच." आणि तोही बोरिंगवर गेला.

सर कपाळाला हात लावून बसले. "मी पुस्तक शिकवून राहिलो, अन् हे गाव शिकून राहिले!"

दहा मिनिटं झाली. मुलं कुठली येतात? मोठेही कधी वेळेवर येत नाहीत. रचना उठली.

"सर, सरपंच नसले तर सभा कोण चालवते?"

"उपसरपंच."

"अन् तहकूब सभेले कोरम?"

"लागत नाही बाई," म्हणत सर एकदम ताठ बसले.

रचना खुर्चीत जाऊन बसली. पुलिया मंजूर. वर्ग झाडायची पाळी वर्षभर मुलांची, तीही मंजूर. मुलींचे हात असे जोरात वर झाले की एकीची बांगडीच फुटली. मीही हात वर केला, तो जमुनाबाईनं खाली ओढला. "आपण नववीत नाही व, अल्का!"

सरांनी आणलेल्या बिस्किटांचे पुडे फुटले तशी मुलं आली.

"असं कसं? आम्हाले न विचारता?" हिमांशु ओरडला.

"विचाराले तं सभा होती," रचना म्हणाली.

सरांनी कोपऱ्यातला झाडायचा फडा उचलला आणि सरपंचाच्या हाती दिला.

परत येताना जमुनाबाई खांबाच्या मधोमध थांबली. "म्हणजे तहकूब झाली की संपत नाही?"

"नाही व. तिथूनच सुरू होते. तू आधी पार हो."

सव्वीस जानेवारीला झेंडा झाला, माणसं पानठेल्यावर गेली, सभा तहकूब झाली. तासाभरानं दुधरामभाऊ दहा जणांना घेऊन आत येतात तर सतरंजीभर टोलीच्या बायका.

"तुम्ही कायले? महिलांची सभा काल झाली ना?"

"काल ती झाली. आज तहकूबले आलो," जमुनाबाई म्हणाली.

पुलियाचा विषय आला. भाऊ म्हणाले, "पुढच्या वेळी..."

"हात मोजा, भाऊ," आम्ही हात वर करून म्हणालो.

भाऊंनी दाराकडे पाहिलं. दारात हिमांशु उभा होता. "बाबा, मोजा. नाहीतर फडा देतात."

रचनाचे बाबा पानठेल्यावरून खर्रा चघळत आले तोवर ठराव लिहूनही झाला होता. त्यांना फार लागलं ते. "ठरावावर पाय ठेवून नहर पार होते काय?"

बोलले ते खोटं नव्हतं. पावसाळा लागला तेव्हा पुलियाचे पाइप काठावर येऊन पडले होते, पुलिया नव्हती. रचनाचं नाव काढायला शाळेत जायचं म्हणून बाबा सदरा घालायला लागले. मी चुलीजवळच सभा बोलावली. विषय एकच: पुलिया होईपर्यंत बाबांनी रचनाला लांबच्या सडकेनं सायकलीवर पोचवायचं.

"पाहू पुढच्या वेळी," म्हणत ते अंगणात निघून गेले.

रचनानं माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघींनी हात वर केले.

सकाळी ते सायकलीत हवा भरत होते. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "कोरम नव्हता."