गार माना

"सारखं काय मान गार, मान गार? भर उन्हातून चालत आलोय मी, उस्ताद," खुर्चीतले मास्तर म्हणाले.

वस्तरा हवेतच थांबला. सकाळपासून खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाची मान उस्तादांना गार लागत होती. हवा बदलली असेल, म्हणून त्यांनी पंखाही बंद केला होता. आपलेच हात तापले असतील, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

मास्तरांनी त्यांचं मनगट धरलं. "तवा झालाय नुसता."

"जराशी सर्दी असेल. आज आजारी पडायला सवड कुणाला आहे? संध्याकाळी नात येतेय."

नातीला त्यांनी आजवर फक्त फोनवर पाहिलं होतं. तिला घ्यायचं म्हणून त्यांनी काल नखं कापून घासून गुळगुळीत केली होती. तरी त्यांनी वस्तरा खाली ठेवला, हात धुतले आणि शेजारच्या खुर्चीवर काम करणाऱ्या धाकट्या भावाला हाक मारली.

"अर्ध्या दाढीवर सोडू नका रे," मास्तर म्हणाले, "बायको घरात घ्यायची नाही."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "नाक वाहतंय?"

"नाही. काल तर ठणठणीत होतो. आज उठलो तेच हाडं पिळून काढल्यासारखी."

"सर्दी दार वाजवून येते. नाक चुरचुरतं, शिंका येतात, मग मुक्काम. हा दार तोडून आलाय. साथ चालू आहे, बहुतेक फ्लूच."

उस्तादांनी नातीचं सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. "इतक्या तान्ह्या बाळाला याची लस देता येत नाही, काका. तिच्यासाठी मोठ्यांनीच लांब राहायचं. गोळीने ताप उतरेल, पण उतरला म्हणजे आजार गेला असं नाही. आणि पुढच्या वर्षी साथीआधी लस घ्या. लोकांच्या नाकासमोर उभं राहून काम करता तुम्ही."

संध्याकाळी ताप खरंच उतरला. हात नेहमीसारखे झाले. बाहेर रिक्षा थांबली, बायकोची लगबग ऐकू आली. आत्ता उठून बाहेर गेलं असतं तर कुणाला काही कळलंही नसतं. उस्ताद मागच्या खोलीत कॉटवर बसले होते. खिडकी उघडी होती, तोंडावर मास्क होता, उशाशी त्यांचा वेगळा पेला होता.

"बाबा, येऊ का आत?" लेकीचा आवाज आला.

"उंबरठ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. मला फ्लू झालाय."

लेकीची पावलं मागे सरकली. मग लेक म्हणाली, "आई, बाबांचा गोल आरसा कुठाय?"

ती घरातल्या मधल्या बोळात लांब उभी राहिली आणि दुकानातला जुना हातआरसा तिरका धरला. आधी त्यात छत आलं, मग दिवा, मग पुढच्या खोलीतली झोपलेली नात. मूठ गालाशी, आणि टाळूवर विरळ केसांचा छोटासा भोवरा.

"मागून बरोबर आहे ना?" लेकीने विचारलं.

हा प्रश्न आयुष्यभर त्यांनी गिऱ्हाइकांच्या मानेमागे आरसा धरून विचारला होता. आज पहिल्यांदाच तो त्यांना कुणी विचारत होतं. उस्तादांनी गिऱ्हाइकासारखी मान जरा डावीकडे, जरा उजवीकडे वळवली, नीट पाहून घेतलं आणि होकार दिला.