वळणावर लांबत गेलेली गोष्ट

शनिवारी सकाळी थिआचे वडील, एमेट लिंडक्विस्ट, नेहमीसारखे उद्यानाच्या पार्किंगमध्ये उभे होते. डोक्यावर टोपी, काखेत थर्मास, छातीवर स्वयंसेवकाचा बिल्ला जरा वाकडा. अमेरिकेतल्या स्पोकेन नदीकाठच्या या उद्यानात निवृत्तीनंतर ते दर शनिवारी लोकांना फिरवून आणत. थिआ मागून चाले. लेकीला गोष्टी ऐकायला आवडतात, असं त्यांना वाटे. तिचा कान मात्र त्यांच्या श्वासाकडे असे.

पहिल्या मोठ्या पाइनच्या झाडाशी ते थांबले. "नाक लावा सालीला. लाजू नका. कसला वास?"

"व्हॅनिला," व्हर्ना म्हणाली. ती त्यांच्याबरोबरची जुनी स्वयंसेविका. दर शनिवारी हेच म्हणे.

"जळकी साखर! नाक दाखवून घे, बाई, डॉक्टरला."

"तू आधी कान दाखव. मागच्या वेळी ते पोरगं बाथरूम विचारत होतं आणि तू त्याला बीव्हरची कातडी सांगत बसलास."

हसत सगळे झुलत्या पुलावरून पलीकडे गेले. तिथून चढ लागतो. चढाच्या वळणावर एमेट थांबले, काळ्या खडकावर हात टेकला आणि तोंड नदीकडे केलं. "आता इथे नीट ऐका."

फार वर्षांपूर्वी या वळणावर ते फक्त सॅमन माशांबद्दल सांगत. समुद्रापासून ते इथवर कसे चढून येत, ठिकठिकाणच्या आदिवासी टोळ्या त्यांच्यासाठी काठावर कशा जमत, आणि खाली धरणं झाल्यावर नदी कशी रिकामी झाली. मग चढ जड जाऊ लागला तसे गोष्टीत बीव्हर आणि तसल्या प्राण्यांच्या कातड्यांचे व्यापारी आले. त्यानंतर १९३०च्या मंदीतली बेकार पोरांची सरकारी छावणी आली. त्याच पोरांनी इथल्या भिंती रचल्या, हा पूल टांगला, आणि एमेटचे वडील त्यांच्यातलेच. या वसंतात दगड वाहणारी खेचरंही आली. दम जितका कमी पडे, तितकी गोष्टीत गर्दी वाढे. हे फक्त थिआला कळलं होतं.

आज छावणीचा स्वयंपाकी आला, त्याची करपलेली बिस्किटं आली. लोक हसत होते. थिआ खडकावरची त्यांची पांढरी पडलेली बोटं बघत होती. 'बसा ना जरा, बाबा,' तिच्या अगदी ओठांवर आलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. लोकांसमोर नको, एवढंच त्या नजरेत होतं. तिने शब्द गिळले. दर शनिवारी गिळायची, तसेच.

मंगळवारी पोर्चवर बुटाची नाडी बांधता बांधता ते गेले.

त्यानंतर थिआला एका जागी बसवेना. शेजाऱ्यांनी आणून दिलेली भांडी तिने घासली, पुसली आणि पुन्हा घासली. पुस्तक उघडलं की तेच पान परत परत वाचून ती उठे. गाडी काढून उद्यानापर्यंत जाई आणि पार्किंगमधूनच परत फिरे.

उन्हाळा सरताना व्हर्नाचा फोन आला. "उद्यानाने बाकाला परवानगी दिली, पोरी! एमेटच्या नावाचा बाक. त्याच्या लाडक्या जागी."

"कुठे?"

"हे काय विचारणं झालं? वळणावर! इतकी वर्षं माणूस तिथून हलायचं नाव घ्यायचा नाही."

थिआ फोन कानाला लावून स्वयंपाकघरात फेऱ्या मारत होती. लाडकी जागा पुलाखालची होती, जिथे पाणी खडकांत घुमतं. वळणावर त्यांना थांबावं लागे. आता खरं सांगितलं, तर त्यांनी जिवापाड लपवलेलं उघडं पडेल. गप्प राहिलं, तर आणखी एकदा गप्प राहणं होईल.

"ऐकतेयस ना? बाक बसवतील त्या शनिवारी गोष्ट तू सांगायची. अख्खी. खेचरांसकट."

"बघते," ती म्हणाली.

रात्री तिने खोलीत येरझाऱ्या घालत गोष्ट म्हणून पाहिली. काही मिनिटांत संपली. पुन्हा म्हटली, पुन्हा तेवढीच भरली. मधले थांबे तिच्याकडे नव्हते.

त्या शनिवारी बरेच लोक चढून आले. नवा बाक वळणावर नदीकडे तोंड करून ठेवला होता. एमेटचा मान म्हणून त्यावर कोणी बसत नव्हतं. दमलेली म्हातारी माणसंसुद्धा कडेला ताटकळत होती.

"चल, सांग," व्हर्नाने तिला कोपराने ढोसलं.

थिआने सॅमन सांगितले, व्यापारी सांगितले, छावणी सांगितली. एका दमात. गोष्ट संपली.

"एवढंच?" व्हर्ना कुजबुजली. "तो तर इथे अर्धा तास घ्यायचा."

"हो," थिआ म्हणाली. "घ्यायचे."

सगळे तिच्याकडे बघत होते. तिने त्यांच्याकडे पाठ केली आणि रिकाम्या बाकाकडे वळली.

"बसा ना, बाबा," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "दम घ्या. लोक थांबतील."