खोट्या बटणांचा शर्ट

शिवणकाम करणाऱ्या पुरुषाला लोक मास्तर म्हणतात, म्हणून तिला मास्तरीण म्हणू लागले. आठवीनंतर तिने शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. जिन्याखालच्या खोलीत तिची दोन मशीनं, इस्त्रीचं टेबल आणि भिंतीवर खिळ्याला लावलेली लोकांची मापं. नवरा बस चालवायचा. एका पहाटे डेपोतच त्याच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. वाचा शाबूत राहिली, पाय ओढत का होईना तो चालायला लागला. हात मात्र खांद्यापासून लोंबकळत राहिला तो कायमचा.

मग रोज सकाळी शर्टावरून रामायण. ती बाही चढवायची, बटणं लावायची आणि तो भिंतीकडे बघत उभा राहायचा. "मी काय बाहुला आहे का गं?" एकदा तो खेकसला. दुपारी तिने त्याचा निळा शर्ट घेतला, डावी बाही काखेपासून मनगटापर्यंत उसवली आणि तिला नि पुढच्या बटणपट्टीला आतून वेल्क्रोची चिकटपट्टी शिवली. त्याने तो एका हाताने घातला, काढला आणि तोंड वाकडं केलं. "खर्रर्र वाजतंय. चार माणसांत वाजलं की सगळे वळून बघणार."

तिने पुन्हा उसवलं. या खेपेला चिकटपट्टीऐवजी आत बारीक लोहचुंबक घातले आणि वरून खोटी बटणं टाचली, काजांसकट. अगदी जवळून पाहिलं तरी चारचौघांसारखा शर्ट. तो घालून नवरा एकटाच केस कापायला गेला. परत आला तेव्हा उंबऱ्यातूनच म्हणाला, "कोणाला काही कळलं नाही." इतक्या महिन्यांत तो पहिल्यांदा नीट हसला.

हे सगळं नणंदेने पाहिलं. ती ऑफिसात नोकरीला होती, पाच मिनिटांच्या अंतरावर राहायची आणि दादावर तिचा जीव होता. "वहिनी, हे घरापुरतं ठेवू नकोस," ती म्हणाली. नुसतं म्हणून थांबली नाही, तिने परस्पर फॉर्मही भरून टाकला. अर्ध्याकच्च्या कल्पनेचा धंदा कसा उभा करायचा ते शिकवणारा वर्ग, बारा आठवडे, दर शनिवारी दुपारी.

तिथले सर तिच्या निम्म्या वयाचे. एक कंपनी उभी करून विकलेले, अंगात चुरगळलेला टी-शर्ट. पहिल्याच दिवशी मास्तरीण म्हणाली, "मी हॉस्पिटलांना पेशंटचे कपडे शिवून देईन."

"हॉस्पिटलं घेतील हे कोणी सांगितलं?"

"मला वाटतं."

"वाटणं घरी ठेवा. अशा पन्नास पेशंटांना भेटून या. आणि विकत घ्याल का, हे विचारायचं नाही. तोंडदेखलं सगळेच हो म्हणतात. आज सकाळी कपडे कसे घातलेत, एवढंच विचारा."

तिला राग आला, पण ती गेली. जिने चढली, दवाखान्यांच्या बाकांवर बसली. एक बाई सांगत होत्या की त्या उद्याचे कपडे आदल्या रात्रीच घालून झोपतात, म्हणजे सकाळी सुनेला बोलवायला नको. एका आजोबांना कपडे घालताना मुलगा डोळे मिटून घ्यायचा आणि त्यांना त्याचीच जास्त लाज वाटायची. एक वकीलसाहेब शर्टाची बटणं उघडीच ठेवून वर कोट चढवायचे आणि भर उन्हाळ्यात तो उतरवायचे नाहीत. वही भरली तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सोय कोणालाच नको होती. आपल्याला कपडेही घालता येत नाहीत हे कोणाला कळू नये, एवढंच हवं होतं.

वर्गात तिने हे सांगितलं तेव्हा सर खुर्चीतून उठले. "मास्तरीणबाई, तुम्ही शर्ट विकत नाही. झाकली मूठ विकता!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात तिच्या अकलेला कोणी टाळी दिली नव्हती. तिच्या पायांना जणू चाकं लागली. तिने बारा जणांना शर्ट शिवून दिले, तक्रारी ऐकल्या, कॉलरचा चुंबक बोटभर खाली घेतला. वकीलसाहेबांचा फोन आला, "बाई, आज कोट काढून बसलो होतो." फोन ठेवून ती मशीनवर डोकं टेकवून रडली.

शेवटच्या शनिवारी स्पर्धा होती. मोठं सभागृह, तीनशे माणसं, पुढच्या रांगेत धंद्यात पैसा घालणारे. सर म्हणाले, "चित्रांवर कोणी विश्वास ठेवत नाही. माणूस आणा. स्टेजवर शर्ट घालून दाखवेल असा."

तिने वकीलसाहेबांना विचारलं. "अहो, मग झाकलं काय?" म्हणून त्यांनी फोन ठेवला. बाकीच्या अकरा जणांनीही नाहीच म्हटलं. सर म्हणाले, "घरातच आहे की तुमच्या."

नवरा खिडकीपाशी बसला होता. तिने आडवळणाने सांगायला सुरुवात केली, पण त्याला अंदाज आला होता.

"मी हा शर्ट कशासाठी घालतो, तुला माहितेय ना?"

"माहितेय."

"तरी?"

"चार मिनिटं फक्त. एकदाच. माझ्यासाठी."

त्याने खिडकी ओढून घेतली. मग म्हणाला, "बरं."

स्टेजवर बनियनवर उभं राहावं लागेल, हे तिने त्याला सांगितलं नव्हतं. पडद्यावर सेकंदांचे आकडे धावणार, हे तर तिलाही ठाऊक नव्हतं. तीनशे माणसांसमोर त्याने अंगातला शर्ट उतरवला. दिव्यांच्या उजेडात तो वाळका हात आणखीनच वाळका दिसत होता. आकडे धावू लागले. उजवी बाही चढली. डाव्या बाहीत हात ठेवला आणि तो निसटला. त्याने पुन्हा उचलून ठेवला, पुन्हा निसटला. त्याच्या कपाळावर घाम आला आणि त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

ती दोन पावलं पुढे झाली. खाली बसलेल्या सरांनी तळहात दाखवला, थांबा. ती थांबली.

त्याने एकट्यानेच शर्ट घातला. वेळ दुप्पट लागला, पण त्यामुळेच म्हणे लोक हेलावले. सभागृह उभं राहिलं, पुढच्या रांगेतली एक बाई डोळे पुसत होती. पहिलं बक्षीस मास्तरणीला मिळालं आणि पैसा घालायला दोघं जण तिथल्या तिथे तयार झाले.

तो व्हिडिओ गावभर फिरला. डेपोतले जुने सोबती घरी आले, पाठ थोपटून म्हणाले, "हिरो झालास की रे!" तो त्यांच्याबरोबर हसला, चहाही प्यायला. ते गेल्यावर त्याने चुंबकाचे सगळे शर्ट कपाटाबाहेर काढले आणि तिच्या मशीनवर नेऊन ठेवले.

दुसऱ्या सकाळी तो जुना, खऱ्या बटणांचा शर्ट अडकवून बसला होता. ती बटणं लावायला पुढे गेली.

"राहू दे. माझी बहीण येणार आहे."

"मी आहे ना इथे."

"तू तिथेही होतीस."

"सरांनी खूण केली हो, म्हणून मी..."

"मी पाहिली खूण," तो म्हणाला. "तुझे पाय थांबलेलेही पाहिले."

ती हातापाया पडली, रडली, भांडलीसुद्धा. त्याने आवाज चढवला नाही. बाकी सगळं तो पूर्वीसारखंच बोलायचा, दूध आलं का, वीज कधी येणार. हात मात्र लावू द्यायचा नाही.

धंदा चांगला चालला. जिन्याखालची खोली सुटली, मोठा गाळा आला, आठ मशीनं आली. वकीलसाहेबांचा शर्ट पाकिटातून परत आला. सोबत एकच ओळ होती: व्हिडिओ पाहिल्यापासून लोक खोटी बटणं ओळखतात. आणखी चौघांनी तसंच केलं. पण मागणी काही घटली नाही, कारण आता शर्ट मुलं घेत होती, बापांसाठी. बापांना कोणी विचारत नव्हतं. सरांना तिने हे सांगून पाहिलं. ते म्हणाले, "ज्याच्या हातात पाकीट तो गिऱ्हाईक. हेही शिकलात, छान."

नणंद रोज साडेआठला येते, दादाची बटणं लावते आणि ऑफिसला जाते. पहिले काही दिवस मास्तरीण स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघायची. आता ती सव्वाआठलाच घरातून निघते. गाळा तिनेच उघडायचा असतो, असं ती सगळ्यांना सांगते.