केशरी फीत पहिली

आयलर्टने टेबलावर पालथी पडलेली पदकपट्टी उचलली आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. "हे बिलियर्डच्या टेबलाचं कापड आहे," तो म्हणाला. "माझ्या आजोबांच्या टेबलाचं. हा बघा खडूचा निळा डाग."

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या फेर्डन गावातल्या एका पबच्या मागच्या खोलीत ही मंडळी जमतात. जुनी पदकं, फिती आणि एका माणसाची सगळी पदकं ओळीने शिवलेल्या, मागे कापड लावलेल्या पट्ट्या टेबलावर मांडतात, भिंगातून बघतात आणि भांडतात. माझं नाव गेझीने. आयलर्टची बायको म्हणून मी केक घेऊन जाते आणि कोपऱ्यात विणत बसते. त्या दिवशी माझ्याही सुया थांबल्या, कारण या पट्टीच्या शोधात माझं अर्धं लग्न गेलेलं आहे.

आयलर्टचे आजोबा हिनरिश पब चालवायचे. तरुणपणी त्यांनी आलर नदीच्या बर्फात बुडणारी एक धोबीण बाहेर काढली, त्याचं पदक केशरी फितीचं. पुढे युद्धात लोखंडी क्रॉस मिळाला, आणि ब्रेमेन शहराचा लाल-पांढऱ्या फितीचा क्रॉस. लोखंडी क्रॉस मानाच्या जागी, सगळ्यांच्या आधी, हा नियम आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक होता. आजोबांनी आजीला केशरी फीत पहिली शिवायला लावली, पबमधल्या बिलियर्ड टेबलाच्या जुन्या हिरव्या कापडावर. माजी सैनिकांच्या संचलनात संघटनेच्या अध्यक्षांनी त्यांना अडवलं, पट्टी नीट करा नाहीतर घरी जा म्हणाले. आजोबा म्हणाले, "या पदकातली बाई रोज माझ्या दारावरून जाते. त्या पदकातली माणसं कुठे आहेत, ते मला विचारू नका." मग ते घरी गेले आणि पुन्हा कधी संचलनात चालले नाहीत.

सासरे वारल्यावर घर रिकामं करताना माझ्या दिराने, उवेने, कपाट विकलं ते खणातल्या त्या पट्टीसकट. त्याला त्याचं काहीच वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. आयलर्ट गावातले बॉयलर दुरुस्त करणारा साधा मेकॅनिक. तेव्हापासून तो जुन्या बाजारांत हिंडायला लागला. काय शोधतोय ते बाहेर कुणाला सांगायचा नाही. केशरी फीत पहिली दिसली की थांबायचा, उलटून बघायचा आणि खाली ठेवायचा. बघता बघता त्याला बाकीच्या पट्ट्याही कळायला लागल्या, त्या त्याने घ्यायलाही सुरुवात केली, आणि आमचं कपाट भरलं.

आता पट्टी सापडली होती. सगळे त्याच्या पाठीवर थापा मारत होते. त्याने ती हळूच सुलटी केली. पहिला होता लोखंडी क्रॉस. केशरी फीत शेवटी, टोकाला.

"हे कुणी केलं?" त्याने विचारलं.

फोल्कमार टिटयेन खुशीत हसला. हा आमच्या मंडळाचा प्रमुख, आयलर्टचा जुना दोस्त. "गेल्या महिन्यात लिलावात घेतली," तो सांगू लागला, "कुण्या अडाण्याने फिती उलटसुलट शिवल्या होत्या. मी सगळं उसवून नियमाप्रमाणे लावलं. नवा दोरा नकली पकडायच्या निळ्या दिव्याखाली चमकतो, म्हणून जुन्या काळचा सुती दोरा शोधून आणला. कुणाच्या बापाला कळणार नाही."

"आधीचा दोरा कुठाय?"

"फेकला. कुजला होता रे."

मी हातातलं विणकाम टेबलावर आपटलं. मला आयुष्यात इतका राग क्वचितच आला असेल. "फोल्कमार," मी म्हटलं, "सरकारने एका माणसाला तीन पदकं दिली. त्यांतलं मोठं कोणतं, हे त्या माणसाने स्वतः ठरवलं होतं. पट्टीत तेवढंच त्याचं होतं. तेवढंच तू काढून टाकलंस."

फोल्कमार लालबुंद झाला. "मला काय स्वप्न पडलं होतं, गेझीने? आणि नवऱ्याला विचार की. चुकलेली पट्टी दिसली तर सरळ करायची, हे मला शिकवलं कुणी? याच टेबलावर?"

मी आयलर्टकडे बघितलं. वाटलं, आता हा टेबल उलथून टाकेल. त्याने टोपी घातली, पट्टी खिशात टाकली आणि निघाला. फोल्कमारने त्याला अडवलं नाही, किमतीचाही विषय काढला नाही, एवढी तरी त्याला अक्कल होती.

घरी आल्यावर आयलर्टने स्वयंपाकघरातल्या टेबलावर पट्टी उसवली. हिरव्या कापडावर जुन्या सुईची भोकं अजून होती. आजीच्या त्याच भोकांतून तो दोरा ओवत राहिला. बॉयलरचे नटबोल्ट आवळणारी बोटं, टाके घोड्याच्या खोगिराचे वाटावेत इतके जाड. मी मदत करते म्हटलं तर अंगावर आला. रात्र होईपर्यंत केशरी फीत पहिली लागली. आता झोप म्हटलं तर कपाटापाशी गेला.

"यातल्या सात मी सरळ केल्यात," तो म्हणाला. "हसत हसत केल्यात, गेझीने. वाटलं, कुण्या येड्या बाईने चुकून शिवलं असेल."

"मग उसव. परत होत्या तशा लाव."

"कशा होत्या ते लक्षात कोण ठेवतंय? चूकच होती ना माझ्या मते." त्याचा आवाज चढला. "कुणाच्या होत्या तेही माहीत नाही. कुणाला जाऊन सांगू?"

माझा राग अजून उतरला नव्हता, पण आता तो कुणावर काढावा ते कळेना. उवेवर, फोल्कमारवर की कपाटापाशी उभ्या असलेल्या माझ्या या म्हाताऱ्यावर. आजोबांची पट्टी त्याने वरच्या खणात ठेवली. मग त्या सात पट्ट्या एकेक करून काढल्या आणि पालथ्या मांडल्या. चकाकणारी पदकं खाली, कुणाकुणाच्या बायकांनी लावलेली, तेवढीच जशीच्या तशी राहिलेली काळी, लाल, विटकी कापडं वर. खण लावून घेतला आणि दिवा न मालवताच तो झोपायला गेला.