अस्सीच्या अलीकडे

भिंतीत राहणारे माझे भाऊबंद तुम्ही रोज पाहता, मित्रांनो. त्यांच्यात पंख्याची पिन खुपसता, बटण दाबता आणि विसरून जाता. मी मात्र एकही दिवस भिंतीत राहिलो नाही. मी एक जुना सॉकेट आहे, आणि माझे सगळे आयुष्य बनारसमधल्या एका गाडीच्या हौद्यात गेले.

माझा जन्म साच्यातला. तपकिरी भुकटी तापवून दाबली, आत पितळेच्या पट्ट्या बसवल्या, की झालो आम्ही. विजेच्या दुकानातून माझे सोबती एकेक करून कुणाच्या घरात, कुणाच्या देवळात गेले. मला विश्वजीतने उचलले.

विश्वजीत हा मंगला गौरीजवळच्या गल्लीत राहणारा मराठी गृहस्थ. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंसाठी तो आणि त्याची बायको शरदिनी घरी स्वयंपाक करत आणि जेवणाची पातेली धर्मशाळांत पोचवत. त्यासाठी त्याच्याकडे बॅटरीवर चालणारी एक छोटी मालगाडी होती. ही गोष्ट नव्वदीच्या दशकातली आहे. तेव्हा अशी गाडी दिसली की लोक थांबून बघत. डिझेलच्या टेम्पोंचा धूर फार झाला म्हणून एका कारखान्याने मोजक्या गाड्या बनवून पाहिल्या होत्या, त्यातली ही एक. तिला धूर नव्हता आणि आवाजही नव्हता. रस्त्यात बसलेल्या गाई तिच्यासाठी उठत नसत, कारण ती आली हेच त्यांना कळत नसे.

आता तुम्ही विचाराल, मालगाडीच्या हौद्यात सॉकेट कशाला?

विश्वजीतच्या वडिलांसाठी. यज्ञेश्वरशास्त्रींनी जन्मभर मुलांना वेद शिकवले, आणि म्हातारपणी त्यांची फुप्फुसे थकली. हवेतून प्राणवायू वेगळा काढून देणारे एक यंत्र मुंबईच्या नातेवाइकांनी पाठवले होते. नळी नाकाशी लावली की शास्त्रीबुवांचा चेहरा उजळे. पण यंत्र चाले विजेवर, आणि वीज कधी जाईल, कधी येईल, ते कुणालाच ठाऊक नसे.

मोठे इस्पितळ होते, पण ते अस्सी नाल्याच्या पलीकडे. आणि शास्त्रीबुवांनी क्षेत्रसंन्यास घेतलेला होता. म्हणजे काय, तेही सांगतो. काशीत मरण आले तर मुक्ती मिळते, अशी श्रद्धा आहे. म्हणून काही माणसे नेम करतात, की मरेपर्यंत काशीची हद्द ओलांडायची नाही. हद्द कुठली, यावर मात्र एकमत नाही. कुणी पंचक्रोशीपर्यंत मोकळीक घेतात. शास्त्रीबुवांचा स्वभाव कडक. त्यांनी उत्तरेला वरुणा नदी आणि दक्षिणेला अस्सी नाला अशी हद्द धरली. डॉक्टर म्हणाले, "भरती व्हा." बुवा म्हणाले, "इस्पितळाला अलीकडे आणा, लगेच होतो."

शेवटी विश्वजीतने वासुदेवरावांना बोलावले. ते रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, घरोब्यातले. त्यांनी गाडीच्या बैठकीखाली इन्व्हर्टर ठेवला. तिथून हौद्यापर्यंत तार ओढली. पत्र्याला भोक पाडून त्यात रबराचे कडे घातले, म्हणजे पत्र्याच्या धारेने तार कापली जाऊ नये. मधे फ्यूज ठेवला. मग मला एका लोखंडी पेटीत बसवले आणि पावसापासून जपायला वर झाकण लावले. काम झाल्यावर माझ्यावर हात ठेवून ते म्हणाले,

"विश्वजीत, हा भिंतीतला सॉकेट नाही. ह्याच्यामागे ना खांब, ना तारा. चाकं ज्या बॅटरीवर फिरतात, तिच्यातूनच हा खातो. ह्याला जितकं दिलंस तितकी चाकं उपाशी."

"कळलं काका."

"तुला कळलं रे. बाकीच्यांना कळवशील?"

विश्वजीत हसला. तो भिडस्त माणूस होता.

पहिले दिवस फार चांगले गेले, मित्रांनो. गाडी गल्लीत शिरत नसे, म्हणून वीज गेली की शास्त्रीबुवांना वेताच्या खुर्चीत बसवून मैदागिनच्या रस्त्यापर्यंत आणत. हौद्यात सतरंजी अंथरलेली असे. यंत्राची पिन माझ्यात बसली की माझ्या पट्ट्यांतून वीज वाहू लागे आणि यंत्र घुमू लागे. थोड्या वेळाने शास्त्रीबुवा डोळे उघडत आणि विद्यार्थ्यांना वर बोलावत. मग हौद्यातच संथा सुरू होई.

"आता ही चाकांवरची पाठशाला," ते म्हणत. "जो चुकेल त्याला उतरवून गाडी पुढे नेईन."

पण रस्त्यातला सॉकेट लोकांच्या नजरेतून सुटतो थोडाच! पहिल्यांदा कोपऱ्यावरचा रसवाला मिक्सर घेऊन आला. "गुरू, जरा हमरा भी लगा लो, बस दो गिलास." मग न्हाव्याचे केस कापायचे मशीन आले, शिंप्याची इस्त्री आली, कुणाचा टेपरेकॉर्डर आला. कुणाच्या मनात वाईट नव्हते. गाडीतून वीज मिळते याचेच त्यांना नवल. ती कुठून येते आणि कधी संपते, असे कुणी विचारले नाही.

शरदिनीला ते पाहवेना. "हा काय गंगेचा घाट आहे? कुणीही यावं आणि लोटा बुडवावा?"

"असू दे सूनबाई," शास्त्रीबुवा म्हणाले. "काशीत मागणाऱ्याला नाही म्हणू नये."

"बाबा, गंगा आटत नाही. बॅटरी आटते!"

ते नुसते हसले. विश्वजीत पुढच्याची पिन लावू लागला. घरात वडिलांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, ही त्याची सवय. संध्याकाळी कित्येकदा गाडी ढकलत गल्लीच्या तोंडाशी असलेल्या शेडमध्ये न्यावी लागे. पण यात्रेकरू माझे कौतुक करत, वर्तमानपत्रवाला एकदा फोटो काढून गेला, आणि ढकलण्याचे कुणाला फारसे वाटले नाही.

भाद्रपद आला. मराठी मंडळाचा गणपती बसला. विसर्जनाच्या आदल्या दिवशी मंडळाचे चिटणीस श्रीरामकाका घरी आले.

"विश्वजीत, उद्या बाप्पा तुझ्या गाडीतून. भोंगा आणि ट्यूबा तुझ्या सॉकेटवर. जनरेटरचा धूर नको, आवाज नको. सारं बनारस बघत राहील!"

"काका, उद्या बिजली गेली तर बाबांचं यंत्र..."

"अरे, एक दिवसाचा तर प्रश्न!"

शरदिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. "दिवस नाही काका, श्वासाचा प्रश्न आहे."

श्रीरामकाका गोंधळले. तेव्हा खाटेवरून शास्त्रीबुवा बोलले. "ने रे गाडी. गणपतीच्या कामात माझा श्वास आडवा यायला नको. तो प्राणवायूचा सिलिंडर आहे ना कोपऱ्यात? उद्याचा दिवस निघेल त्यावर."

विश्वजीतने मान खाली घातली. नाही म्हणायचे असते, तेव्हा माणसाने मान खाली घालू नये, मित्रांनो. लोक ते होकार समजतात.

मिरवणूक दुपारी निघाली. लेझीम, गुलाल, फुले. माझ्यात एका पिनेऐवजी तिहेरी पिन बसवली होती. एकीवर भोंगा, दुसरीवर ट्यूबा, तिसरीवर मूर्तीमागे फिरणारे रंगीत चक्र. माझ्या पट्ट्या तापल्या. तपकिरी अंगाला करपल्याचा वास येऊ लागला. विश्वजीतचे लक्ष सारखे बॅटरीच्या काट्याकडे.

"काका, भोंगा तरी बंद करा आता!"

"आरती राहिली ना अजून!"

"आरती तोंडानं म्हणा ना!"

पण तो शब्द भोंग्याच्या आवाजात बुडाला. दशाश्वमेध घाटावर मूर्ती उतरवली, तेव्हा दिवेलागण झाली होती आणि काटा तळाला टेकला होता.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत एक रिक्षा आली. रिक्षात शरदिनी होती आणि तिच्या खांद्यावर शास्त्रीबुवांचे डोके होते. पायापाशी ते यंत्र. गल्लीत दुपारपासून वीज नव्हती. सिलिंडर त्यांना वाटला होता तितका भरलेला नव्हता.

"आधी यंत्र लाव," शरदिनी म्हणाली. "बाकी मग बोल."

सगळ्या पिना उपटल्या गेल्या आणि यंत्राची पिन माझ्यात आली. माझ्यामागे उरले होते तेवढे मी पुढे दिले. यंत्र घुमू लागले. शास्त्रीबुवांनी डोळे उघडले आणि मुलाचा हात धरला.

"विश्वा, मला पलीकडे ने."

"बाबा, पण अस्सी..."

"ओलांड अस्सी." त्यांनी दम घेतला. "मला नाही रे मरायचं आत्ता."

हे तीन जणांनी ऐकले. विश्वजीतने, शरदिनीने आणि मी.

गाडी दक्षिणेकडे निघाली. सोनारपुऱ्यापर्यंत ती चालली. मग मंदावली. यंत्राचे घुमणे खाली खाली जाऊ लागले आणि त्याची धोक्याची शिट्टी वाजली. भदैनीच्या चढाला चाके थांबली. पाठोपाठ यंत्रही थांबले. माझ्या पट्ट्या थंड पडल्या. विश्वजीत आणि शरदिनी उतरून गाडी ढकलू लागले. फुलांनी सजलेली गाडी पाहून रस्त्यावरचे लोक हात जोडत. "हर हर महादेव!" कुणीतरी गाडीवर झेंडू फेकला. त्यांना ती मिरवणूकच वाटली. विश्वजीत ओरडून सांगत होता, "भाई, रिक्शा बुलाओ, पिताजी हैं!" लोकांना समजले, तसे ते धावले, रिक्षाही आली. पण तोवर शास्त्रीबुवांचा श्वास थांबला होता. अस्सीचा नाला पुढच्या वळणावर होता.

आता पुढचे ऐका, कारण मला सर्वांत जड गेले ते हेच.

तेराव्याला जेवणे झाली आणि मंडळी गाडीपाशी जमली. श्रीरामकाकांनी मोठा हार आणला होता. त्यांचे डोळे खरोखरच भरून आले होते. "केवढं भाग्य! मुलगा मोहानं पलीकडे नेत होता, आणि गाडीच थांबली. विश्वनाथानंच धरून ठेवली. बुवांचा नेम राहिला, मुक्ती मिळाली!" त्यांनी मला हार घातला. बायकांनी माझ्या तिन्ही भोकांवर कुंकू लावले. कुणी उदबत्ती खोचली. विश्वजीत खांबाला टेकून उभा होता. त्याने पुन्हा मान खाली घातली होती.

शरदिनी पुढे आली. तिने हार काढला आणि श्रीरामकाकांच्या हातात दिला.

"मोहानं नाही नेलं ह्यांनी. बाबा म्हणाले होते, ओलांड अस्सी, मला मरायचं नाही."

मग श्रीरामकाका हळूच म्हणाले, "सूनबाई, दुःखात माणूस काहीही ऐकतो. असं चारचौघांत बोलू नये."

तिने नवऱ्याकडे पाहिले. सगळ्यांनीच पाहिले. एका शब्दाने तिचे खरे ठरले असते. विश्वजीतचे ओठ हलले, पण त्या शब्दाने वडिलांचा नेम मोडणार होता, आणि तो काही बोलला नाही. शरदिनी गल्लीत निघून गेली.

त्यानंतर विश्वजीतने ती गाडी चालवली नाही. पातेली हातगाडीवरून जाऊ लागली. शेडमध्ये गाडीचे टायर बसले, बॅटरीतून पाणी झिरपले, माझ्या पट्ट्यांवर हिरवा गंज चढला. तरी वर्षातून एकदा कुणीतरी येते, झाकण उघडते, कुंकू लावते आणि आपल्या मुलाला सांगते, "हात जोड. ह्या गाडीनं शास्त्रीबुवांना काशीबाहेर जाऊ दिलं नाही." मूल हात जोडते. मला बोलता येत नाही.

मित्रांनो, मला हार नकोत. तुमच्या घरात कितीतरी वस्तू मुकाट्याने देत असतात, आणि काही माणसेही तशीच असतात. त्यांच्यात पिन खुपसण्याआधी एकदा विचारा, तुझ्यात किती उरले आहे? ते कुणासाठी राखून ठेवले आहे? आणि कधी बनारसला आलात, आणि कुणी तुम्हाला माझ्यापुढे हात जोडायला सांगितले, तर जोडू नका. त्यांना नम्रपणे एवढेच सांगा, की त्या संध्याकाळी देवाने गाडी थांबवली नव्हती. बॅटरी संपली होती.