तळ्याची व्याख्या

माझी आई शाळेत कवायतीची शिक्षिका होती. तिला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण आवाज निवृत्त झाला नाही. मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाच्या मुलाला ‘खिशातून हात काढ’ असं सांगायची तिला सवय, आणि आमचं घर तीन खोल्यांचं. माझी बायको राज्याच्या पर्यावरण खात्यात अधिकारी आहे. ती हळू बोलते आणि बोलण्याआधी वाक्य मनात एकदा वाचून घेते. मी चष्म्याचं दुकान चालवतो. लोकांना लांबचं आणि जवळचं नीट दिसावं यासाठी दिवसभर धडपडतो आणि घरी आलो की डोळे मिटून बसणं पसंत करतो.

भानगड सुरू झाली ती पाणथळ जागांच्या नियमांवरून. राज्यातली तळी आणि दलदली बुजवून त्यांवर इमारती उठू नयेत म्हणून सरकारने नियमांचा मसुदा काढला आणि लोकांच्या हरकती मागवल्या. मसुद्यात तळ्याची व्याख्या दिली होती: ज्यात वर्षभर पाणी असतं ते. आमच्या घरामागचं तळं उन्हाळ्यात कोरडं पडतं. तळाला भेगा जातात, पोरं तिथे फुटबॉल खेळतात. म्हणजे नियमाप्रमाणे ते तळं नव्हतं, नुसता खड्डा होता, आणि खड्डा बुजवायला कुणाची ना नसते.

आई रोज सकाळी त्या तळ्याभोवती फिरायला जायची. तिने फिरणाऱ्या मंडळींची बघता बघता ‘तळं बचाव समिती’ करून टाकली. समितीत एक निवृत्त दंतवैद्य होते, एरवी एकमेकींशी न बोलणाऱ्या दोन विहिणी होत्या आणि एक गृहस्थ होते, जे केवळ कुत्रा फिरवायला आले होते आणि नाही म्हणता न आल्यामुळे सभासद झाले होते.

“ही व्याख्या ज्याने लिहिली, त्याने जन्मात तळं पाहिलेलं नाही,” आई जेवताना म्हणाली. “बिनडोक माणूस. बादलीला तळं म्हणत असेल.”

बायकोने पाण्याचा पेला उचलला आणि एका दमात संपवला. नंतर भांडी आवरताना ती मला म्हणाली, “ते वाक्य माझं आहे.”

“कुठलं?”

“व्याख्येचं. तुझ्या आईच्या बादलीचं.”

मी हातातली ताटली खाली ठेवली. “मग सांग ना आईला.”

“कसं सांगू? मसुद्यावर निर्णय व्हायचाय. हरकत घेणाऱ्याशी अधिकाऱ्याने खासगीत बोलायचं नसतं.”

“अगं, ती हरकत घेणारी नाही, तुझी सासू आहे.”

“सध्या दोन्ही आहेत,” ती म्हणाली. “आणि तूही सांगायचं नाहीस.”

दुसऱ्याच दिवशी ती साहेबांकडे गेली. सासूबाई हरकत घेणार आहेत, तेव्हा मला या कामातून मोकळं करा, असं तिने रीतसर सांगितलं. साहेबांनी फाइलमधून मान वर केली नाही. म्हणाले, “सुनेच्या कामाला सासूची हरकत आहे म्हणून माणसं मोकळी करायला लागलो, तर खातं ओस पडेल.”

आई तशी न्यायी. नियम सुनेच्या खात्याचे आहेत, एवढं तिला ठाऊक होतं. तिने स्वतःहून जाहीर केलं, “तू तुझी नोकरी कर, मी माझा विरोध करते. पण तळं हा विषय घरात काढायचा नाही.” हे ऐकायला सोपं वाटलं. पण तळ्याबरोबर पाऊस गेला, मासे गेले, डास गेले, शेजारी उठणारी इमारत गेली. जेवणाच्या टेबलावर शेवटी फक्त मीठ उरलं.

“आज जरा कमी आहे,” आई म्हणायची.

“हो, जरा कमीच आहे,” बायको म्हणायची.

मग मी चष्म्याच्या फ्रेमबद्दल बोलायचो. लग्नानंतर पहिल्यांदाच दोघी माझं शेवटपर्यंत ऐकून घेत होत्या.

सुनावणी जवळ आली तशी आई आंघोळीच्या वेळी भाषणाची तालीम करू लागली. न्हाणीघराच्या फरशांवर तिचा आवाज असा काही घुमायचा की खालच्या मजल्यावरचे लोकही आता तळ्याच्या बाजूचे झाले होते. एका सकाळी बायको बाहेर साडीला इस्त्री करत होती. आतून आई गरजली, “मसुद्याचं कलम चार म्हणतं की—”

बायकोचा हात थांबला. “कलम सहा,” ती पुटपुटली. “व्याख्या सहाव्या कलमात आहे. चार म्हणाल्या तर सगळे हसतील.”

“मग सांग.”

“मला सांगता येणार नाही.” तिने थोडा विचार केला, इस्त्री उभी केली आणि फोन हातात घेतला. “पण मसुदा वेबसाइटवर आहे. वेबसाइटवरचं मोठ्याने वाचायला कुणाला बंदी नाही.” आणि न्हाणीघराच्या दारापाशी उभं राहून, आमच्या संसारात मी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात, तिने कलम सहा पहिल्या शब्दापासून वाचलं.

आत पाणी बंद झालं. मग आईचं भाषण नव्याने सुरू झालं. “मसुद्याचं कलम सहा म्हणतं की—”

सुनावणीच्या दिवशी मी दुकान बंद ठेवून मागच्या रांगेत जाऊन बसलो. मोठं सभागृह, समोर लांब टेबल, मधोमध साहेब, त्यांच्या उजवीकडे माझी बायको. प्रत्येकाला तीन मिनिटं, मग घंटा. आईच्या आधी एक टाय लावलेला गृहस्थ उठला. तो इमारती बांधणाऱ्यांच्या संघटनेचा होता. त्याने व्याख्येची तोंडभरून स्तुती केली. म्हणाला, इतकी शास्त्रशुद्ध व्याख्या त्याने आजवर पाहिली नव्हती. माझ्या बायकोचा चेहरा दाढ दुखत असल्यासारखा झाला.

मग आई उभी राहिली. माइक तिने बाजूला सारला. “अध्यक्षमहाराज, मॅडम,” असं म्हणून तिने सुनेला मान तुकवली आणि सुरुवात केली. कलम सहा बरोबर आलं. मग ती म्हणाली, “ज्या कुणी हे लिहिलंय, त्याला माझा एकच प्रश्न आहे. तो इथे हजर आहे का?”

साहेबांनी उजवीकडे पाहिलं. “व्याख्या कुणाची होती?”

“माझी, सर,” बायको म्हणाली.

आईचं तोंड उघडंच राहिलं. शाळेतल्या इतक्या वर्षांत जे कुठल्या इन्स्पेक्टरला जमलं नाही, ते त्या दोन शब्दांनी केलं. समितीची माणसं तिच्याकडे बघत होती. दंतवैद्यांनी हळूच भाषणातला ‘बिनडोक’ हा शब्द आठवण म्हणून पुढे सरकवला. आईने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी खिशातून हात काढले.

“तर,” ती खाकरून म्हणाली, “व्याख्या विचार करूनच लिहिलेली असणार, याबद्दल मला शंका नाही. लिहिणारी व्यक्ती अत्यंत कष्टाळू आहे. सकाळी आठला घराबाहेर पडते. म्हणजे, पडत असेल, असं मला वाटतं.”

सभागृहात कुजबुज झाली. टायवाले गृहस्थ खूश होऊन मान डोलवायला लागले. ते पाहून मात्र आईचा जुना सूर परत आला.

“फक्त तिने सुट्टी धरली नाही,” ती म्हणाली. “माझी शाळा उन्हाळ्यात दोन महिने बंद असायची. वर्गात चिटपाखरू नसायचं. म्हणून त्या जागी दुकानं बांधा असं कुणी म्हटलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं, मुलं परत येणार आहेत. तळ्यातले बेडूक तेवढे दिवस चिखलाखाली असतात. तेही परत येतात. हजेरी सुट्टीत घेऊ नका, एवढंच माझं म्हणणं आहे.”

घंटा वाजायच्या आत ती बसली. लोक हसले, मग टाळ्या वाजल्या. टेबलामागे माझी बायको नियमाप्रमाणे म्हणाली, “सूचनेची नोंद घेतली आहे.”

घरी येताना गाडी मी चालवत होतो. मागच्या सीटवरून आई म्हणाली, “बिनडोक हा शब्द मी मागे घेते.”

“राहू द्या, आई.”

“पण असं लिहिलंस का गं?”

“दुसऱ्या खात्याला नियमच नको होते. ‘वर्षभर’ हा शब्द घातला तेव्हा कुठे त्यांनी सही केली. मला वाटलं, आधी निदान मोठी तळी तरी वाचू देत.” ती खिडकीबाहेर बघत होती. “तुम्ही रोज बोलायचात तेव्हा मला फार लागायचं.”

आई पुढे झुकली. “मग मला आधी सांगायचं नाही?”

“तळं हा विषय घरात काढायचा नाही, असं तुम्हीच म्हणालात.”

“आणि तू?” आईने मोर्चा माझ्याकडे वळवला. “तुला माहीत होतं?” मी सिग्नलकडे अतिशय लक्षपूर्वक पाहू लागलो. त्या दिवसापासून दोघींमध्ये एका बाबतीत तरी पूर्ण एकमत आहे: चूक माझी होती.

पुढे काही महिने खात्याखात्यांत ओढाताण चालली. बायको कधी चिडून यायची, कधी नुसती दमून. आईने तिला एका अक्षरानेही विचारलं नाही, पण चहा मात्र रोज स्वतः करून द्यायची. शेवटी नियम आले. ‘वर्षभर’ जाऊन ‘वर्षातून किमान चार महिने’ आलं. अगदी लहान डबकी वगळली गेली, त्याचं बायकोला वाईट वाटलं. आमचं तळं मात्र वाचलं. समितीने तळ्याकाठी फोटो काढला. त्यात कुत्रा मधोमध आला.

राजपत्राची प्रत बायकोने स्वतः घरी आणली. आईने मी दिलेला नवा चष्मा लावला आणि सगळे नियम वाचायला घेतले. आम्ही दोघं कौतुकाच्या एखाद्या शब्दाची वाट बघत समोर बसलो. एक पान झालं, दुसरं झालं. तिसऱ्या पानावर तिचं बोट थांबलं.

“कलम नऊ,” ती म्हणाली. “तळ्यात सांडपाणी ‘शक्यतो’ सोडू नये. हा ‘शक्यतो’ कुणी घातला?”

“मी नाही,” बायको चटकन म्हणाली.

“मग कोण तो? नाव सांग.”

“आई, ते मला सांगता येणार नाही.” मग तिने खुर्ची जरा पुढे ओढली. “पण हरकत कशी लिहायची, ते वेबसाइटवर आहे. वाचून दाखवू?”

मी उठून दुकानाच्या किल्ल्या शोधायला लागलो.