देवापुढून उतरवलेली ओहागी

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी मिचियो सुगिहाराने खेळातल्या जासुदाला जिझोपुढे ओहागी ठेवायला लावली आणि ओहागी नाहीशी झाली.

तिने दुसरी ठेवून पाहिली. तीही गेली. वाटसरूंना सांभाळणारा दगडी देव जिझो, त्याच्या गळ्यातलं लाल फडकं, पुढचा सपाट धोंडा, सगळं जागच्या जागी होतं. धोंडा तेवढा रिकामा होता. संध्याकाळी सहा वाजता खाण्याच्या पदार्थांचा तक्ता कायमचा बंद व्हायचा होता आणि त्या तक्त्याखाली तिची सही होती.

जपानमधल्या फुकुओका शहरातल्या त्या व्हिडिओ गेमच्या कंपनीत ‘तोगेमिची’ मालिकेचा आठवा खेळ तयार होत होता. खेळ डोंगरवाटेने पत्रं पोचवणाऱ्या जासुदाचा. त्यात औषधं नाहीत, मंत्रतंत्र नाहीत. जासूद दमो, भिजो, नाहीतर त्याला साप चावो, जे काही बरं व्हायचं ते खाऊनच. पदार्थ बासष्ट, आणि एकाचा उपयोग दुसऱ्याला नाही. मिसोचं सूप थंडी घालवतं, पण सांडतं, म्हणून ते हातात घेऊन पळता येत नाही. भाजलेलं रताळं आधी कुडत्यात धरून हात शेकायचे आणि मग खायचं. उलट केलं तर हात गारठलेलेच राहतात. मुळ्याचं लोणचं नुसतं खाल्लं तर काहीच होत नाही, भाताबरोबर खाल्लं तर भाताचा गुण दीडपट होतो. हे सगळं ज्या तक्त्यात लिहिलेलं असतं, तो गेली अठरा वर्षं मिचियोच्या ताब्यात होता.

सतरावी ओळ ओहागीची. चिकट भाताचा गोळा, वरून लाल घेवड्याच्या गोड पुरणाचा जाड थर. खाल्ली तर ताकद वीसने वाढते. जिझोपुढे वाहिली तर पुढच्या घाटात पाऊस लागत नाही. तिसरा उपयोग मालिका खेळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होता: ओहागी जिझोपुढे ठेवायची, जासुदाला जरा वेळ बसू द्यायचं, मग तीच उतरवून खायची. तेव्हा ताकद वीसने नाही, साठने वाढते. सातही खेळांत हे होतं. तक्त्यात मात्र नव्हतं.

नागातोमो शुन हा सव्वीस वर्षांचा प्रोग्रामर दोन टेबलं पलीकडे बसत असे. मिचियोने त्याला बोलावलं तेव्हा त्याने ताबडतोब तक्रार क्रमांक ४११८ उघडून दाखवली. खेळाची चाचणी परदेशातल्या एका गटाकडे होती. त्यांनी लिहिलं होतं की देवाला वाहिलेली वस्तू खेळाडू परत उचलू शकतो, म्हणजे चोरू शकतो, आणि चोरलेली वस्तू तिप्पट गुणकारी होते. हा दोष दूर करावा. नागातोमोने सोमवारी, सुट्टी असूनही येऊन, तो दूर केला होता.

“तुला विचित्र नाही वाटलं?” मिचियोने विचारलं.

“काय?”

“ओहागी गेली कुठे?”

नागातोमोने पडद्याकडे पाहिलं. “जिझोने खाल्ली.”

“जिझो खातो का?”

“सुगिहारा-सान, आमच्या घरी देव्हारा नाही. आठव्या मजल्यावर दोन खोल्या. मला वाटलं, वाहिलं म्हणजे गेलं.” त्याने मान खाजवली. “तक्त्यात पाहिलं मी. ‘खाणे, वाहणे’ एवढंच आहे. उतरवणे नाही.”

तो खोटं बोलत नव्हता. ती ओळ पाचव्या खेळाच्या वेळी मिचियोनेच लिहिली होती. त्याआधी सगळं माणसांच्या डोक्यात असे. कागदावर आणायचं काम तिला मिळालं आणि तिने रताळ्याचा क्रमसुद्धा लिहून काढला. देवापुढचं उतरवून खायचं असतं, हे लिहायला ती विसरली नव्हती. लिहायची गोष्ट आहे असं तिला वाटलंच नव्हतं. घरचा देव्हारा, सणाचं गोडधोड, आईने ते खाली काढेपर्यंत गुडघे मोडून बसणं, हे कोणी कोणाला सांगत नाही.

बदल मागे घ्यायला पाच मिनिटं पुरतील, परवानगीचं तुम्ही बघा, असं नागातोमो म्हणाला.

परवानगी हिरोवातारीकडे. तो आठव्या खेळाचा निर्माता, कुरुमे गावचा, देव्हाऱ्यातलं खाऊनच मोठा झालेला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि नियम पुढे ठेवला. शेवटच्या दिवशी नवा उपयोग घालता येत नाही. आधी ठरलेला उपयोग चुकून गेला असेल तरच परत आणता येतो, आणि ठरलेला म्हणजे लिहिलेला. तक्ता एकदा बंद झाला की भाषांतरं आणि पुस्तिका त्यावरूनच छापल्या जातात. मग या खेळापुरता विषय संपला.

“तुम्हाला माहीत आहे ना, ते ठरलेलं आहे?” मिचियो म्हणाली.

“मला माहीत आहे. तुला माहीत आहे. खालच्या फळवालीलाही माहीत आहे. कागदाला माहीत नाही.”

मग त्याने एक वाट दाखवली. ज्याने पहिला खेळ रचला त्याने लिहून, शिक्का मारून दिलं की हा उपयोग ठरवून केला होता, तर तो कागद चालेल. सहाच्या आत.

पहिला खेळ एकतीस वर्षांपूर्वी कुरामोची एइसाकुने रचला होता. तो आता त्र्याहत्तर वर्षांचा होता आणि कंपनीतून निवृत्त होऊन चाळीस मिनिटांवरच्या माएबारूला एकटा राहत होता. फोनवर त्याने फक्त इतकं विचारलं की ती कोणत्या गाडीने येते.

मिचियो दीड वाजता पोचली. शरदातल्या पितरांचा आठवडा चालू होता. कुरामोचीच्या देव्हाऱ्यात आईच्या फोटोपुढे दोन ओहागी होत्या आणि उदबत्ती निम्मी जळली होती. मिचियोने आधी देव्हाऱ्यापुढे हात जोडले.

“अजून तीच पिशवी वापरतेस?” कुरामोची म्हणाला. “पगार वाढवत नाहीत वाटतं.”

ती म्हणाली, पिशवी फाटत नाही त्याला मी काय करू. मग तिने ४११८ ची हकिगत सांगितली. ‘चोरी’ हा शब्द आला तेव्हा तो हसला. तिने कोरा कागद पुढे ठेवला आणि काय लिहायचं तेही सांगितलं: ओहागीचा तिसरा उपयोग पहिल्या खेळापासून ठरवून केलेला आहे. एक ओळ, सही, शिक्का.

कुरामोची कागदाला हात न लावता म्हणाला, “तो दोष होता.”

मिचियोने पेनाचं टोपण परत लावलं.

“जिझोजवळ बसलं की थकवा तिप्पट वेगाने उतरतो, एवढंच मी लिहिलं होतं. ती तिप्पट माणसासाठी. पण जिझोसमोर जे जे असेल, त्या सगळ्याला ती लागत होती. खाली ठेवलेल्या ओहागीलाही लागली. उचलल्यावर सुटली नाही. माझी चूक.”

“तुम्हाला कधी कळलं?”

“खेळ द्यायच्या सहा दिवस आधी. या खोलीत. आई यंत्रापुढे बसली होती, तिला दुसरं काही खेळता येत नसे. तिने जिझो दिसल्यावर ओहागी ठेवली, चहा पिऊन आली, मग ओहागी उतरवून त्या जासुदाला खायला घातली. ताकद साठने वाढली. मी ताडकन उठलो. ती म्हणाली, त्यात काय एवढं, देवापुढची आहे.”

एवढं सांगून तो देव्हाऱ्याकडे वळला. उदबत्ती विझली होती. त्याने ताटली खाली काढली, एक ओहागी मिचियोला दिली आणि दुसरीचे चॉपस्टिकने दोन भाग केले.

“डॉक्टरने अर्धीच सांगितली आहे,” तो म्हणाला. “कुठली अर्धी, ते सांगितलं नाही.”

खाऊन होईपर्यंत दोघांनी कामाचं काढलं नाही. पुढे तो आपणहून बोलला. त्या वेळच्या साहेबाला त्याने दोष सांगितला नाही, सांगितला असता तर काढावा लागला असता. म्हणून कागदावर कधी आणला नाही. पुढे एका मासिकाने या उपयोगाचं कौतुक छापलं, गावची रीत खेळात किती खुबीने गुंफली आहे म्हणून. त्याने ते नाकारलं नाही, मिरवलंही नाही.

मिचियोने सांगून पाहिलं की एकतीस वर्षांनंतर याला दोष कोण म्हणणार. लोक आपल्या मुलांना शिकवतात तसा हा उपयोग एकमेकांना शिकवतात. ‘ठरवून’ हा एक शब्द लिहिला तर कोणाचं काही बिघडत नाही.

“तुझ्या तक्त्यात तू कधी न केलेली गोष्ट लिहिली आहेस का?” कुरामोचीने विचारलं.

“नाही.”

“मग मला का सांगतेस?”

घड्याळात तीन वाजायला दहा मिनिटं होती. तिने कागद तसाच ठेवला आणि म्हटलं, तुम्हाला जे लिहायचं ते लिहा.

त्याने चष्मा शोधण्यात वेळ घालवला. मग लिहिलं: “पहिल्या खेळात ओहागीचा तिसरा गुण माझ्या चुकीने आला. खेळ देण्याच्या सहा दिवस आधी चूक मला दिसली. ती काढायला अर्धा तास लागला असता. मी काढली नाही.” खाली नाव, आणि ड्रॉवरमधला शिक्का. शिक्का मारण्यापूर्वी त्याने कागदाखाली वर्तमानपत्राची घडी ठेवली, म्हणजे ठसा स्वच्छ उठतो. दारापर्यंत पोचवायला आला तेव्हा तो म्हणाला, काय होतं ते कळव, नाही झालं तरी कळव.

परतीच्या गाडीत मिचियोने तो कागद चार वेळा वाचला. शेवटचं वाक्य तिच्या बाजूचं होतं. पहिलं नव्हतं.

पावणेपाचला ती कचेरीत पोचली. हिरोवातारीने कागद उभ्याउभ्याच वाचला, मग बसून वाचला.

“हे ठरवलेलं आहे की चुकलेलं?”

“आधी चुकलेलं, मग ठरवलेलं.”

“अर्जात दोनच रकाने आहेत,” तो म्हणाला. “एकात खूण करायची.”

दोष हा शब्द कागदावर नाही, याकडे तिने लक्ष वेधलं. चूक हा शब्द आहे, याकडे त्याने. पुढे म्हणाला, की मी हे मान्य केलं तर उद्या प्रत्येक जण आपली चूक ‘मी ती काढली नाही’ म्हणून घेऊन येईल. कागद ठेवून जा, सहापर्यंत सांगतो.

तोवर ओळ तरी पुरी असावी म्हणून मिचियोने तक्ता उघडला. सतराव्या ओळीत तिने लिहिलं: खाणे; वाहणे; वाहून, थांबून, उतरवून खाणे. तिसऱ्या उपयोगापुढे तक्त्याने सेकंद मागितले. किती वेळ थांबायचं? स्वतः खेळताना ती मनात शंभरपर्यंत मोजत असे. तिची बहीण दात घासून येत असे. तिने नागातोमोला जुन्या खेळातला आकडा काढायला सांगितलं.

तो दहा मिनिटांनी आला. “आकडा नाही.”

“म्हणजे?”

“थांबायची अटच नाही. ठेवली आणि लगेच उचलली तरी साठच मिळतात. सातही खेळांत. तुम्ही कधी लगेच उचलून पाहिली नाहीत?”

तिने पाहिली नव्हती. तिच्या ओळखीत कोणीही पाहिली नव्हती. तिने सेकंदांच्या रकान्यात शून्य लिहिलं आणि ओळ मंजुरीला पाठवली. तेव्हा पाच वाजून बावन्न मिनिटं झाली होती.

सहा वाजता तक्ता बंद झाला. एकसष्ट ओळी हिरव्या झाल्या. सतरावी पिवळी राहिली. पिवळी म्हणजे नामंजूर नाही आणि मंजूरही नाही, हिरोवातारीच्या निर्णयासाठी थांबलेली. नागातोमोने दोन्ही प्रती तयार ठेवल्या होत्या, ओहागी गिळणाऱ्या जिझोची आणि न गिळणाऱ्या जिझोची. हिरोवातारी साडेसहाला बाहेर पडला. कागद त्याच्या बॅगेत होता. जाताना त्याने मिचियोला इतकंच विचारलं की कुरामोची-सानची तब्येत कशी आहे.

बुधवारी सकाळी सव्वानऊला तिने तक्ता पाहिला. सतरावी ओळ पिवळीच होती, पण पुढे हिरोवातारीच्या नावाने एक शेरा पडला होता, सकाळी सात वाजून अकरा मिनिटांचा: “थांबण्याचे सेकंद शून्य का?”

शून्य का, ते कुरामोचीला विचारायला मिचियोने माएबारूचा नंबर फिरवला. घंटा वाजत होती.